'रक्त पातळ करणारी गोळी' : एक शब्द आणि एक औषध

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

लेखाचे शीर्षक पाहून पुष्कळांना नवल वाटेल. मराठी हा विषय घेऊन बी. ए. करणाऱ्या विद्यार्थिनीने औषधावर लिहावे, हा आगाऊपणा आहे असेही कुणी म्हणेल. परंतु मी या विषयाकडे औषधशास्त्राच्या वाटेने आलेच नाही. एका शब्दाच्या वाटेने आले. तो शब्द म्हणजे 'पातळ'. या शब्दापायी माझ्या आईच्या जिवावर बेतले होते. ते कसे, हे सांगावे आणि त्या निमित्ताने वॉरफरिन या औषधाविषयी मला जे समजून घेता आले ते वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

मी अकरावीत असताना आईच्या हृदयाची झडप बदलण्याची शस्त्रक्रिया झाली. लहानपणी वरचेवर घसा सुजायचा, ताप यायचा, सांधे धरायचे, एवढेच तिला आठवते. घशातील स्ट्रेप्टोकोकस जातीच्या जंतूंवर वेळीच उपचार झाले नाहीत, तर काही मुलांना पुढे ऱ्हुमॅटिक ताप येतो आणि त्यात हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होऊ शकतात. आईची मायट्रल नावाची झडप अशीच आकसली होती. तिच्या जागी यांत्रिक झडप बसवली. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "मावशी, ही रक्त पातळ ठेवायची गोळी. जन्मभर घ्यायची. एक दिवसही चुकवायची नाही."

आईने मान डोलावली. मीही डोलावली. दवाखान्याची फाईल माझ्या हाती आली, कारण घरात इंग्रजी कागद वाचू शकणारी मी एकटीच. वडील सहीपुरते शिकलेले, भाऊ लहान. डॉक्टरांचे वाक्य मराठीत होते, सोपे होते. त्यात न समजण्यासारखे काही असेल अशी शंकाही आम्हांला आली नाही.

पातळ म्हणजे काय?

आता हा शब्द आपण कशाला लावतो ते पाहू. पातळ ताक, पातळ वरण, पातळ दूध. पातळ म्हणजे पाणी घातलेले, कस गेलेले. गवळ्याचे दूध पातळ असले म्हणजे आपण त्याला बोल लावतो. मग रक्त पातळ झाले तर बाईच्या अंगात बळ कसे राहणार?

गेल्या वर्षी सोयाबीनच्या काढणीच्या दिवसांत आई लवकर थकू लागली. घरात काम करणारे हात थोडे, मजुरी वाढलेली. चुलती म्हणाली, "अगं, रगत पाण्यावानी करायच्या गोळ्या खातीस आन् वर म्हनतीस अंगात ताकद नाही!" आईला ते पटले. तिने कुणाला न सांगता एक दिवसाआड गोळी घ्यायला सुरुवात केली. काढणी झाली की पुन्हा रोज घेऊ, असा तिचा साधा हिशेब होता.

तीन आठवड्यांनी तपासणीला गेलो तेव्हा अहवालात १.३ हा आकडा आला. तिच्यासाठी तो २.५ ते ३.५ च्या दरम्यान हवा होता. डॉक्टर कधी रागावत नाहीत. त्या दिवशी रागावले. यांत्रिक झडपेवर रक्ताची गुठळी धरली तर झडप अडकून बसते, आणि गुठळीचा तुकडा सुटून मेंदूत गेला तर पक्षाघात होतो, असे त्यांनी सांगितले. आई खाली मान घालून म्हणाली, "मला वाटलं, रगत लईच पातळ झालं."

त्या खेपेला काही झाले नाही. पण परतताना एस. टी. त माझ्या मनात एकच विचार होता. आई अडाणी म्हणून चुकली असे म्हणणे सोपे होते. वस्तुतः तिने शब्दाचा जो अर्थ घेतला तो मराठीत बरोबरच होता. चूक शब्दाची होती.

रक्त पातळ होतच नाही

वॉरफरिन घेणाऱ्या माणसाचे रक्त दाटपणात इतरांच्या रक्तासारखेच असते. त्यात पाणी वाढत नाही, तांबड्या पेशी कमी होत नाहीत, हिमोग्लोबिन उतरत नाही. बदलते ते एवढेच, की रक्त गोठायला वेळ अधिक लागतो.

आईला हे मी विरजणाच्या दाखल्याने सांगितले. दुधाला विरजण कमी लावले तर दही उशिरा लागते. म्हणून दूध पातळ झाले असे आपण म्हणत नाही. दूध तेच, साय तीच. कमी झाले ते विरजण. आईला ते तत्काळ समजले. दाखला तंतोतंत नाही, तरी दिशा बरोबर आहे.

रक्त गोठते कसे, हे थोडक्यात असे. कुठे जखम झाली की प्रथम रक्तपट्टिका, म्हणजे प्लेटलेट्स, तेथे गोळा होऊन एकमेकींना चिकटतात. परंतु हा बांध कच्चा असतो. तो पक्का करण्यासाठी रक्तात विरघळलेल्या फायब्रिनोजेन या प्रथिनाचे फायब्रिन नावाच्या चिवट धाग्यांत रूपांतर व्हावे लागते. हे काम थ्रॉम्बिन करते, आणि थ्रॉम्बिन तयार होते ते प्रोथ्रॉम्बिनपासून. एका प्रथिनाने दुसऱ्याला जागे करावे, दुसऱ्याने तिसऱ्याला, अशी ही साखळी आहे. या साखळीतील घटकांना रोमन अंक दिलेले आहेत. त्यांपैकी दुसरा (हाच प्रोथ्रॉम्बिन), सातवा, नववा आणि दहावा हे चार घटक आपल्या विषयाचे आहेत.

हे चारही घटक यकृतात बनतात आणि त्यांना शेवटचा हात फिरविण्यासाठी 'के' हे जीवनसत्त्व लागते. त्याच्या साहाय्याने या प्रथिनांतील ग्लुटॅमिक आम्लाला आणखी एक कार्बॉक्सिल गट जोडला जातो. ही रासायनिक गोष्ट १९७४ मध्ये उघड झाली. हा गट जोडला गेला तरच ते प्रथिन कॅल्शियमला धरू शकते आणि जखमेच्या जागी बसू शकते. तो नसेल तर प्रथिन बनते खरे, पण निकामी. पाते बसवायचे राहून गेलेल्या विळ्यासारखे.

हे काम करताना 'के' जीवनसत्त्व स्वतः बदलते, त्याचे इपॉक्साइड बनते. शरीर मोठे काटकसरी आहे. ते हे वापरलेले जीवनसत्त्व टाकून देत नाही. एका विकराच्या साहाय्याने त्याला पूर्वरूप देऊन पुन्हा कामाला लावते. वॉरफरिन अडवते ते नेमके या विकराला. जीवनसत्त्वाचा फेरवापर थांबतो, साठा आटतो, आणि यकृतातून बाहेर पडणाऱ्या नव्या घटकांपैकी पुष्कळसे निकामी निघू लागतात. या विकराचे जनुक २००४ मध्ये सापडले. म्हणजे औषध माणसांत वापरू लागल्यावर पन्नास वर्षांनी त्याचे नेमके लक्ष्य हाती आले.

शेतकऱ्याच्या गोठ्यातून आलेले औषध

या औषधाचा जन्म कोणत्याही कारखान्यात झाला नाही. गुरांच्या गोठ्यात झाला. ही हकीकत मला स्वतःला फार जवळची वाटते.

१९२० नंतरच्या दशकात कॅनडा आणि उत्तर अमेरिकेच्या काही भागांत गुरांवर एक विचित्र रोग आला. शिंगे कापली किंवा लहानशी जखम झाली तरी रक्त थांबेना. जनावर रक्त जाऊन मरे. फ्रँक स्कोफील्ड या कॅनडातील पशुवैद्यकाने शोधून काढले, की ही गुरे स्वीट क्लोव्हर नावाचा चारा खात होती. हा चारा आपल्या लसूणघासाच्या कुळातला. चांगला वाळलेला असेल तर त्याने काही होत नसे, पण ओला राहून बुरशी आलेला चारा घातक ठरे. दिवस हलाखीचे होते. बुरसलेला चारा फेकून देण्याची ऐपत शेतकऱ्यांत नव्हती.

फेब्रुवारी १९३३ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातील एड कार्लसन नावाचा शेतकरी हिमवादळातून सुमारे ३०० किलोमीटर गाडी हाकत मॅडिसन गावी गेला. त्याच्यापाशी एक मेलेली कालवड, तिचा खराब चारा आणि दुधाच्या कॅनमध्ये भरून आणलेले, न गोठलेले रक्त होते. सुट्टीच्या दिवशी जी प्रयोगशाळा उघडी सापडली ती कार्ल पॉल लिंक या रसायनशास्त्रज्ञाची होती. लिंक यांच्यापाशी तेव्हा उपाय नव्हता. चारा बदला, एवढेच ते सांगू शकले. परंतु तो कॅन त्यांच्या मनातून गेला नाही. सहा वर्षांच्या खटपटीनंतर, १९३९ मध्ये, त्यांच्या सहकाऱ्यांनी बुरसलेल्या चाऱ्यातून ते द्रव्य वेगळे काढले. त्याचे नाव डायकुमारॉल. चाऱ्याला सुगंध देणाऱ्या कुमारिन या निरुपद्रवी द्रव्यावर बुरशीची क्रिया होऊन ते बनत होते.

पुढे याच कुळातील अनेक संयुगे तयार करण्यात आली. त्यांतील ४२ क्रमांकाचे सर्वांत प्रभावी ठरले आणि १९४८ पासून ते उंदीर मारण्याचे औषध म्हणून विकले जाऊ लागले. संशोधनाला पैसा पुरविणाऱ्या विस्कॉन्सिन ॲलम्नाय रिसर्च फाउंडेशन या संस्थेच्या आद्याक्षरांवरून त्याला वॉरफरिन हे नाव मिळाले. १९५१ मध्ये अमेरिकी सैन्यातील एका तरुणाने आत्महत्येसाठी हे उंदरांचे विष खाल्ले. 'के' जीवनसत्त्व देऊन त्याला वाचविण्यात आले. या प्रसंगानंतर माणसांतील वापराच्या अभ्यासाला जोर आला. १९५४ मध्ये अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली, आणि १९५५ मध्ये हृदयविकाराचा झटका आलेल्या राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांनाही ते देण्यात आले.

उंदरांचे विष आणि माझ्या आईची गोळी एकच, हे प्रथम वाचले तेव्हा माझा हात थबकला होता. पण औषध आणि विष यांत फरक मात्रेचा असतो, हे वॉरफरिनइतके स्पष्टपणे फार थोडी औषधे शिकवतात.

आजची गोळी परवा बोलते

आईच्या 'दिवसाआड' च्या हिशेबात दुसरी एक चूक होती, आणि तीही समजण्यासारखी आहे. डोकेदुखीची गोळी तासाभरात काम करते. वॉरफरिनचे तसे नाही. ते रक्तात आधीपासून असलेल्या चांगल्या घटकांना हात लावत नाही. फक्त नवे चांगले बनू देत नाही. जुने संपावे लागतात. सातवा घटक सुमारे ६ तासांत निम्मा होतो, परंतु प्रोथ्रॉम्बिन निम्मे व्हायला अडीच ते तीन दिवस लागतात. म्हणून पूर्ण परिणाम दिसायला पाच दिवस किंवा अधिक लागतात. शस्त्रक्रियेनंतर सुरुवातीला आईला गोळीबरोबर हिपॅरिनची इंजेक्शने का देत होते, याचा उलगडा मला असा झाला. हिपॅरिन लगेच काम करते. गोळी लागू पडेपर्यंत ते राखण करते.

उलट बाजूनेही तेच. आज गोळी चुकली तर आज काहीच जाणवत नाही. परिणाम दोन-तीन दिवसांनी येतो, तोही आकड्यात. अंगाला काही कळत नाही. म्हणूनच माणूस फसतो. आणि चुकलेली गोळी भरून काढण्यासाठी दुसऱ्या दिवशी दोन घेणे हेही धोक्याचे. चुकल्याची तारीख लिहून ठेवावी व डॉक्टरांना विचारावे, हा सरळ मार्ग.

आकडा

आई ज्याला 'आकडा' म्हणते तो आय. एन. आर. रक्ताच्या नमुन्यात एक द्रव्य घालून ते किती सेकंदांत गोठते ते मोजतात आणि निरोगी माणसाच्या रक्ताशी त्याची तुलना करतात. पूर्वी प्रत्येक प्रयोगशाळेचे द्रव्य वेगळे असल्याने एकाच रक्ताचे दोन ठिकाणी दोन निकाल येत. १९८३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ही तफावत काढून टाकणारी गणिताची रीत स्वीकारली. तेव्हापासून कोणत्याही गावचा आकडा दुसऱ्या गावच्या आकड्याशी ताडून पाहता येतो. गोळी न घेणाऱ्याचा आकडा १ च्या आसपास असतो. पायाच्या शिरेतील गुठळीसाठी तो साधारणतः २ ते ३ ठेवतात. आईसारख्या यांत्रिक मायट्रल झडपेसाठी थोडा अधिक. कमी झाला तर गुठळीचे भय, फार वाढला तर रक्तस्रावाचे. रस्ता अरुंद आहे आणि दोन्ही बाजूंना उतार आहे.

मात्रा प्रत्येकाची निराळी असते. यकृत हे औषध किती वेगाने मोडते आणि ज्या विकराला ते अडवते तो विकर किती संवेदनक्षम आहे, हे जन्मजात ठरलेले असते. एकाला जेवढ्या मिलिग्रॅम पुरतात त्याच्या तिप्पट दुसऱ्याला लागू शकतात. म्हणून शेजाऱ्याची मात्रा आपली नव्हे.

माझी स्वतःची चूक

येथे एक कबुली देणे भाग आहे. आईने शब्द चुकीचा घेतला असे मी वर लिहिले. पण त्याच्या कितीतरी आधी मीही एक अक्षर चुकीचे घेतले होते.

दवाखान्याच्या इंग्रजी कागदावर लिहिले होते की 'के' जीवनसत्त्व असलेले पदार्थ सांभाळून खावेत. मी माझ्या वहीत मोठ्या अक्षरांत लिहिले, 'क जीवनसत्त्व टाळणे.' आणि शाळेच्या पुस्तकात तर पाठच केले होते, की क जीवनसत्त्व लिंबू, आवळा, पेरू यांत असते! झाले. आईचे लिंबू बंद, आवळा बंद, पेरू बंद. चार महिने तिने माझे ऐकले. मेथी, पालक, चवळई मात्र मनाला येईल तशी चालू होती. एका आठवड्यात रोज, दुसऱ्या आठवड्यात मुळीच नाही. आकडा खालीवर होत राहिला.

डॉक्टरांनी पालेभाजीविषयी विचारले तेव्हा मी अभिमानाने सांगितले, "सर, आम्ही लिंबू-आवळा पूर्ण बंद केलंय." ते क्षणभर पाहत राहिले आणि मग त्यांनी कागदावर इंग्रजीतले दोन वर्ण शेजारी शेजारी काढले. आपण ज्याला मराठीत 'क' जीवनसत्त्व म्हणतो ते इंग्रजीतील तिसऱ्या वर्णाचे, 'सी'. हे 'के' निराळेच. हेन्रिक डॅम या डॅनिश शास्त्रज्ञाने ते शोधले आणि रक्त गोठण्याला त्याच्या भाषेत जो शब्द आहे त्याच्या पहिल्या अक्षरावरून त्याला नाव दिले. या शोधाचे नोबेल पारितोषिक डॅम आणि एडवर्ड डॉइझी यांना १९४३ चे मिळाले.

'के' जीवनसत्त्व हिरव्या पालेभाज्यांत भरपूर असते. म्हणून पालेभाजी सोडायची काय? नाही. पालेभाजी दर आठवड्याला साधारण सारख्या प्रमाणात खावी, म्हणजे गोळीची मात्रा तिच्याशी जुळवून घेता येते. बिघडवते ती भाजी नव्हे. अचानक बदल बिघडवतो.

हीच गोष्ट इतर औषधांची. काही बुरशीरोधक औषधे, मेट्रोनिडॅझोल आणि को-ट्रायमॉक्साझोल यांनी आकडा वाढू शकतो. क्षयरोगावरील रिफॅम्पिसिन, फेफऱ्यावरील कार्बामाझेपिन यांनी तो उतरतो. अंगदुखीच्या पुष्कळशा गोळ्या पोटातून रक्तस्राव होण्याचा धोका वाढवतात. ॲस्पिरिनलाही लोक 'रक्त पातळ करणारी' म्हणतात, पण ते काम करते रक्तपट्टिकांवर. एकाच नावाने दोन निराळी औषधे ओळखली जाणे हा त्या शब्दाचा आणखी एक दोष. वॉरफरिन घेणाऱ्या स्त्रीला दिवस राहण्याची शक्यता असेल तर आधीच डॉक्टरांशी बोलणे आवश्यक, कारण त्याने गर्भाला इजा होऊ शकते. हिरड्यांतून रक्त, काळी शौचास, डोक्याला मार, अंगावर विनाकारण काळेनिळे डाग, यांपैकी काहीही झाले तरी वाट न पाहता दवाखाना गाठावा.

कुणी विचारील, की आता नवीन गोळ्या आल्या आहेत, ज्यांना वरचेवर तपासणी लागत नाही. मग हे जुने औषध कशाला? नव्या गोळ्या अनेक रोगांत उत्तम आहेत. परंतु यांत्रिक झडपेच्या रुग्णांत डाबिगाट्रान या नव्या औषधाची चाचणी गुठळ्या व रक्तस्राव अधिक झाल्याने थांबवावी लागली. तिचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. ऱ्हुमॅटिक विकाराने झडप खराब होऊन हृदयाचे ठोके अनियमित झालेल्या रुग्णांतही वॉरफरिनच्या वर्गातील जुनी औषधेच सरस ठरल्याचे २०२२ मध्ये दिसून आले. १९९० मध्ये तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत भारतीय बनावटीची यांत्रिक झडप प्रथम बसविली गेली आणि अशी झडप गरिबाच्या आवाक्यात येऊ लागली. अशा प्रत्येक झडपेमागे ही जुनी गोळी, किंवा तिचे भावंड असिनोकुमारॉल, जन्मभर उभे असते.

नवा शब्द

आता आमच्या घरी 'रक्त पातळ करायची गोळी' असे कुणी म्हणत नाही. आम्ही तिला 'गुठळीची गोळी' म्हणतो. शब्द काही फार सुंदर नाही, पण त्याने कुणाची फसगत होत नाही. आई आता अंक वाचायला शिकली आहे. दिनदर्शिकेवर रोज गोळी घेतली की ती स्वतः काडी मारते, आणि अहवाल आला की माझ्याआधी आकडा पाहते. यंदाच्या काढणीत एकही काडी चुकलेली नाही. परवा चुलतीला ती सांगत होती, "रगत हाय तसंच हाय गं. दही लागायला उशीर लागतो, एवढंच."

मात्रा ठरविणे हे डॉक्टरांचेच काम; या लेखाच्या आधाराने कुणी काही बदल करू नये, ही नम्र विनंती. पण वाचक मित्रहो, आपल्यापैकी अनेक जण आपापल्या घरातले पहिलेच कॉलेजात आलेले आहेत. घरातील फाईल आपल्याच हाती येते. ती वाचताना प्रत्येक शब्दाचा अर्थ आपल्याला ठाऊकच आहे असे धरून चालू नये. न कळलेले अक्षर विचारावे, आणि कळले असे वाटणारे अक्षर तर आधी विचारावे. मी ते विचारले असते, तर चार महिने आईला लिंबावाचून भाकरी खावी लागली नसती.